टायरवरचा बाण वाचा, मगच बसवू द्या

30 जून 2013 रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची ब्रिटिश ग्रां प्री सुरू होती. लुइस हॅमिल्टन सर्वांच्या पुढे होता आणि आठव्या फेरीत त्याच्या मर्सिडीजचा मागचा डावा टायर फाटला. पाठोपाठ फेलिपे मासाच्या फेरारीचा, मग जाँ-एरिक व्हेर्न्यच्या तोरो रोसोचा आणि शर्यत संपत आलेली असताना सर्जिओ पेरेझच्या मॅक्लारेनचा. चौघांचाही मागचा डावाच. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर धावणाऱ्या गाड्यांमागे रबराच्या चिंध्या उडत होत्या आणि मागून येणारे ड्रायव्हर त्या चुकवत होते.

टायर पिरेलीचे होते. दोन दिवसांनी कंपनीने कारणे जाहीर केली. टायरमध्ये हवा ठरवून दिलेल्यापेक्षा कमी होती, चाके आतल्या बाजूला जास्त कललेली होती, वळणांच्या काठचे उंचवटे चाकांखाली वारंवार येत होते, ही त्यातली तीन. पण यादीत सर्वांत आधी नाव होते वेगळ्याच गोष्टीचे: मागचे टायर उलट्या बाजूंना बसवले होते. उजव्या चाकाचा टायर डावीकडे, डाव्याचा उजवीकडे. टायर सारखे झिजावेत आणि त्यातून थोडा फायदा मिळावा म्हणून अनेक संघ तेव्हा असे करत असत, आणि नियमांत त्याला बंदीही नव्हती. पुढच्याच आठवड्यात, 7 जुलैच्या जर्मन ग्रां प्रीपासून, ही अदलाबदल बंद झाली. त्या शर्यतीला पिरेलीने मागच्या टायरांतले पोलादी पट्टेही काढून पुन्हा केव्हलारचे पट्टे घातले.

या घटनेतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते टायर स्लिक होते. त्यांवर नक्षी नव्हती, खाच नव्हती. डावा आणि उजवा शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक कळला नसता. फरक पोटात होता. आतली बांधणी असमान होती. बाहेरच्या बाजूने एक भार घ्यायचा आणि आतल्या बाजूने दुसरा, असे ठरवून ती केलेली होती. म्हणजे दिशा ही केवळ वरच्या नक्षीची बाब नाही. टायर बनवणाऱ्याने तो कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेने फिरेल हे धरूनच तो घडवलेला असतो.

रस्त्यावरच्या गाडीचा टायर उलटा बसला म्हणून तो सिल्व्हरस्टोनसारखा फाटेल, असे मी म्हणणार नाही. कोरड्या रस्त्यावर, शहरातल्या वेगात, बहुतेकांना काही कळणारही नाही. आणि धोका नेमका इथेच आहे. ज्या टायरसाठी नेहमीच्या दीडपट-दुप्पट पैसे मोजले, त्याचा मुख्य गुण वर्षभर निकामी असतो आणि तो निकामी आहे हे पहिल्यांदा कळते ते मुसळधार पावसात, वेगात किंवा घाटातल्या आवळत गेलेल्या वळणावर. म्हणून टायर मशीनवर चढण्याआधी दोन मिनिटे देऊन त्याच्या बाजूवर छापलेले वाचायला शिका. सगळी गोष्ट तिथे लिहिलेली असते.

टायर तीन तऱ्हेचे असतात. पहिला सममित. त्याची नक्षी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी, आणि तो कसाही, कुठेही बसवला तरी चालतो. बहुतेक साध्या गाड्यांना कारखान्यातून येतो तो हाच, आणि आपल्याकडच्या टायरवाल्यांचे हात याच टायरवर तयार झालेले आहेत. पुढच्या चुकांचे मूळ बरेचसे या सवयीत आहे.

दुसरा दिशादर्शक. याची नक्षी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते आणि बाजूवर एक बाण असतो. बाणाशेजारी बहुधा ‘रोटेशन’ असा शब्द. गाडी पुढे जाताना चाक त्या बाणाच्या दिशेने फिरले पाहिजे. तिसरा असममित. याच्या आतल्या अर्ध्या भागाची नक्षी वेगळी आणि बाहेरच्या अर्ध्याची वेगळी. त्यावर बाण नसतो. एका बाजूला ‘आउटसाइड’ किंवा ‘साइड फेसिंग आउटवर्ड्स’ आणि दुसरीकडे ‘इनसाइड’ असे लिहिलेले असते. क्वचित एखाद्या टायरमध्ये दोन्ही गुण एकत्र असतात, बाणही आणि आतबाहेरही. असा टायर डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा असाच बनतो आणि विकत घेतानाच दोन डावे, दोन उजवे मागवावे लागतात. चार एकसारखे आले, तर दुकानदाराने कितीही कसब लावले तरी ते बरोबर बसणार नाहीत.

व्ही नक्षीचे काम पाण्याचे आहे. ताशी 90 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम 15 सेंटीमीटर लांब असतो. म्हणजे टायरचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर टेकून सुटायला सेकंदाचे सहा हजारांश भाग लागतात. तेवढ्यात त्याच्याखालचे पाणी बाजूला झाले पाहिजे. बाणाप्रमाणे बसवलेल्या टायरमध्ये व्हीचे टोक आधी टेकते, मग तिरप्या खाचा मधल्या भागातून काठांकडे टेकत जातात आणि पाणी बाहेर लोटले जाते. उलटा बसवला की काठ आधी टेकतो आणि त्याच खाचा नरसाळ्यासारख्या पाणी मध्यभागी ओढतात. नको तिथे पाणी साचते आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. तेव्हा स्टीअरिंग एकदम हलके होते, ब्रेक लागत नाही आणि एबीएस काय की स्थिरता राखणारी यंत्रणा काय, कोणीच मदत करू शकत नाही; कारण या यंत्रणा टायरची असलेली पकड वापरतात, नसलेली निर्माण करत नाहीत.

या तरंगण्याचा हिशेब अमेरिकेच्या नासामध्ये 1960 च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी केला गेला. पाणी खाचांना पेलवेनासे झाले, किंवा टायर झिजून गुळगुळीत झाला, तर चाक कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरते. 33 पीएसआय हवेला तो वेग येतो ताशी साधारण 95 किलोमीटर. हवा 25 पर्यंत उतरलेली असेल तर 83 च्या आसपास. चांगल्या, खोल आणि योग्य दिशेच्या खाचा ही मर्यादा बरीच वर नेतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी 100 ची मुभा आहे आणि समृद्धी महामार्गावर 120 ची. जुलैच्या पावसात या आकड्यांकडे आणि आपल्या टायरांकडे एकत्र पाहा. समृद्धीवर 120 चालतात म्हणून पावसात तिथे कोणी 120 ने जावे, असे मला मुळीच वाटत नाही.

1984 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटसाठी गुडइयरने फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरवरून बेतलेला दिशादर्शक टायर दिला. मगरीच्या पाठीसारखी त्याची नक्षी, म्हणून लोक त्याला गेटरबॅक म्हणू लागले. तेव्हापासून वेगवान गाडीचा टायर म्हटला की व्ही नक्षी डोळ्यांसमोर येऊ लागली. पुढे याच गुडइयरची ईगल एफ वन ही नावाजलेली मालिका जीएस-डी थ्री या सुंदर व्ही नक्षीच्या टायरनंतर असममित नक्षीकडे वळली, आणि मॉडेलच्या नावातच ‘असिमेट्रिक’ शब्द आला. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 असममितच आहे. असममित नक्षीचा पहिला टायर मिशेलिनचाच, 1965 चा एक्सएएस. पिरेलीने एकेकाळी पी झीरो सिस्टीम नावाने पुढच्या चाकांना दिशादर्शक आणि मागच्यांना असममित असा जोड विकला होता: पुढच्या चाकांनी पाणी फोडायचे, मागच्यांनी वळणावर गाडी धरायची.

वळणावर धरण्याचे हे काम असममित टायर कसे करतो ते समजले, की तो उलटा का बसवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, आणि त्या चाकांच्याही बाहेरच्या काठावर. म्हणून त्या टायरच्या बाहेरच्या भागात ठोकळे मोठे, सलग आणि घट्ट असतात, खाचा कमी. आतल्या भागात खाचा जास्त असतात, पाणी काढण्याचे काम मुख्यतः त्यांचे. ‘इनसाइड’ बाहेर करून बसवला तर वळणाचा सगळा भार नाजूक, खाचांनी तुटक झालेल्या ठोकळ्यांवर येतो. ते वाकतात, तापतात, लवकर झिजतात, आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते आहे असे वाटते. एकच टायर असा उलटा बसला असेल तर गाडी डाव्या वळणाला एक आणि उजव्या वळणाला दुसरे वागते. माझ्या मते चारही उलटे असण्यापेक्षा हे वाईट, कारण ड्रायव्हरला सवय एका वागण्याची होते आणि प्रसंग दुसऱ्याचा येतो.

आता गाडीपाशी उभे राहून तपासायचे कसे ते पाहू.

असममित टायर असेल तर काम सोपे आहे. गाडीभोवती एक फेरी मारा आणि चारही चाकांवर बाहेरून दिसणारी अक्षरे वाचा. सगळीकडे ‘आउटसाइड’ दिसले पाहिजे. एका जरी चाकावर ‘इनसाइड’ वाचता आले, तर तो टायर उलटा आहे; चर्चेचे कारण नाही. मात्र एका गोष्टीने घाबरू नका. असममित टायरच्या तिरप्या खाचा डाव्या चाकावर पुढे झुकलेल्या दिसल्या तर उजव्या चाकावर त्या मागे झुकलेल्या दिसतात. तोच टायर दोन्हीकडे बाहेरची बाजू बाहेर ठेवून बसवला की असेच होणार. हे बघून अनेक जण ‘एक बाजू उलटी बसवलीये’ म्हणून दुकानदाराशी भांडतात, आणि काही दुकानदार गिऱ्हाइकाचे समाधान म्हणून बरोबर बसलेला टायर काढून उलटा बसवून देतात. बाण नसेल तर खाचांचा कल बघू नका, फक्त शब्द वाचा.

दिशादर्शक टायरचा नियम असा: बाण चाकाच्या माथ्यावर असेल तेव्हा तो गाडीच्या पुढच्या बाजूला, बॉनेटकडे दाखवत असला पाहिजे. माथ्यावर असेल तेव्हा, हे शब्द महत्त्वाचे आहेत. गाडी उभी असताना बाण खाली, रस्त्याजवळ आलेला असेल तर तो मागे दाखवेल आणि तरीही टायर बरोबर असेल. शंका वाटली तर गाडी अर्धे चाक पुढे घ्या, म्हणजे बाण वर येईल. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर गाडीच्या उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूला, उभे राहून चाकाकडे पाहिले की बाण काट्यांच्या दिशेने फिरला पाहिजे. डाव्या बाजूला काट्यांच्या उलट. नक्षीवरूनही ताळा करता येतो: गाडीच्या समोर उभे राहून पुढच्या टायरकडे पाहिले तर व्हीचे टोक जमिनीकडे असते. पण निर्णय बाणावरच घ्या. मोटरसायकलच्या पुढच्या टायरची नक्षी पुष्कळदा मागच्याच्या उलट वाटते आणि तरीही बाणाप्रमाणे ती बरोबर असते, कारण पुढच्या चाकाला ब्रेकचा जोर जास्त सोसायचा असतो. नक्षीवरून दिशा ओळखण्याची सवय अशी फसवते.

चूक सापडली तर लगेच चारही टायर रिमवरून उतरवायला सांगू नका. आधी बाण मोजा. असममित टायर उलटा असेल तर तो काढून फिरवण्यावाचून इलाज नाही. दिशादर्शक टायरमध्ये मात्र चाक सबंध उचलून दुसऱ्या बाजूला लावले की फिरण्याची दिशा आपोआप बदलते. पुढची दोन्ही चाके उलटी असतील तर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावा, काम झाले. टायर रिमवरून हलवावाच लागत नाही, बॅलन्सिंगही पुन्हा करावे लागत नाही. चारही चाके एका मापाची असतील तर रिमची दर्शनी बाजू आपल्याकडे ठेवून पाहा: दोन बाण काट्यांच्या दिशेचे आणि दोन उलट दिशेचे भरले, तर फक्त चाके योग्य बाजूला लावायची. तीन आणि एक निघाले तर एकच टायर रिमवरून काढून फिरवावा लागेल.

चुका होतात त्या ठरावीक प्रसंगी. पहिला प्रसंग अर्थातच नवे टायर बसवताना. टायर चढवण्याच्या मशीनवर रिम साधारणपणे दर्शनी बाजू वर करून आडवी ठेवतात. त्यामुळे असममित टायरची ‘आउटसाइड’ बाजू वर असली पाहिजे, चारही वेळा. दिशादर्शक टायरमध्ये मात्र दोनदा बाण काट्यांच्या दिशेने आणि दोनदा उलट. कारागीर पहिला टायर बरोबर चढवतो आणि त्याच लयीत उरलेले तीनही तसेच चढवून टाकतो. म्हणून दुसऱ्या टायरच्या वेळी तिथे उभे राहा. ‘दादा, हे डाव्या बाजूचं की उजव्या?’ एवढे विचारले तरी पुरते. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो स्वतःच रिमवर खडूने खूण करून ठेवतो.

दुसरा प्रसंग पंक्चरचा, आणि तिथे फारसे कोणी लक्ष देत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये बाहेरूनच दोरी ठोकली तर टायर रिमवरून निघत नाही आणि दिशेचा प्रश्न येत नाही. आतून पॅच लावायचा असेल, आणि वेगवान गाडीच्या टायरला तोच लावून घ्यावा, तर टायर उतरतो. परत चढवताना तो कोणत्या बाजूने होता हे घाईत विसरले जाते. उतरवण्याआधी मोबाईलवर चाकाचा एक फोटो काढून ठेवा.

तिसरा प्रसंग ब्रेक पॅड बदलण्याचा किंवा सर्व्हिसिंगचा. चारही चाके काढून कोपऱ्यात रचली जातात आणि संध्याकाळी हाताला येईल ते चाक समोरच्या डिस्कवर चढते. अशा वेळी टायरच्या आतल्या बाजूला खडूने ‘पुढे उजवे’, ‘मागे डावे’ असे लिहून दिलेले असेल तर चूक होत नाही. चौथा प्रसंग टायर रोटेशनचा. सममित टायर तिरपे फिरवण्याची, म्हणजे पुढचा डावा मागे उजवीकडे नेण्याची, आपल्याकडे रीत आहे. असममित टायरलाही ती चालते, बाहेरची बाजू बाहेर राहते म्हणून. दिशादर्शक टायर मात्र फक्त पुढे-मागे करायचे, त्याच बाजूला. आणि मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद असलेली गाडी असेल, जशी काही बीएमडब्ल्यू आणि बहुतेक पोर्शे असतात, तर दिशादर्शक टायरांचे रोटेशन रिमवरून उतरवल्याशिवाय होतच नाही. तिथे ते विसरून जावे आणि हवा व अलाइनमेंट यांकडे दुप्पट लक्ष द्यावे.

पाचवा प्रसंग तारखेच्या हट्टाचा. टायर कोणत्या आठवड्यात बनला हे चार आकडी खुणेवरून कळते. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. ही पूर्ण खूण पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि असममित टायरमध्ये ती आतल्या बाजूला जाऊ शकते. तारीख बाहेरून दिसली पाहिजे म्हणून टायर फिरवून बसवायला सांगणारे गिऱ्हाईक स्वतःच टायर उलटा करून घेते. तारीख बसवण्यापूर्वी वाचा, तिचाही फोटो काढा, आणि मग ती आत जाऊ द्या. आयएसआयची खूणही त्याच वेळी पाहून घ्या. भारतात प्रवासी कारच्या टायरला ती सक्तीची आहे.

स्टेपनीचे काय? पूर्ण आकाराची, दिशादर्शक टायरची स्टेपनी असेल तर ती गाडीच्या एकाच बाजूला बरोबर बसणार. पंक्चर दुसऱ्या बाजूला झाले तर तेवढ्यापुरती उलटी लावायला हरकत नाही. घरी किंवा दुकानापर्यंत जायचे आहे. फक्त वेग कमी ठेवा, आणि पाऊस असेल तर आणखी कमी. अरुंद तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी 80 किलोमीटर, आणि ती पाळलीच पाहिजे.

फक्त दोनच टायर बदलायचे असतील तेव्हा नवे कुठे लावायचे, हाही प्रश्न याच घरातला आहे. आपल्याकडे बहुतेक जण नवे पुढे लावतात, कारण इंजिनचा जोर पुढे आणि स्टीअरिंगही पुढे. टायर कंपन्यांचा सल्ला याच्या उलट आहे आणि तोच योग्य आहे: जास्त खोल खाचांचे टायर मागे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते, ड्रायव्हरला ते स्टीअरिंगमध्ये जाणवते आणि पाय उचलून ती सावरता येते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणे बहुतेकांच्या हातात नसते. एका धुरीवर मात्र दोन्ही टायर एकाच मॉडेलचे हवेत. डावीकडे दिशादर्शक आणि उजवीकडे असममित असे कधीही नको.

बसवण्याच्या कामातल्या बाकीच्या बाबी थोडक्यात. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग. तो हवेच्या व्हॉल्व्हशेजारी आणला की बॅलन्सिंगला वजने कमी लागतात. पण हा ठिपका दर्शनी बाजूला नाही म्हणून टायर उलटवायचा नाही. बाण आणि ‘आउटसाइड’ यांचा मान पहिला. कमी उंचीचा, ताठ बाजूंचा टायर रिमवर बसताना जोर लावतो, तरी कडा बसवण्यासाठी 40 पीएसआयच्या वर हवा भरू देऊ नका. बसत नसेल तर हवा सोडून, पुन्हा साबणपाणी किंवा टायरची पेस्ट लावून प्रयत्न करायचा. हवेचा दाब सांगणारे सेन्सर व्हॉल्व्हला आतून जोडलेले असतात. मशीनची पट्टी तिथे आपटली तर सेन्सर तुटतो, म्हणून कारागिराला आधीच सांगा. नट तारेच्या आकारात, समोरासमोरचे घेत आवळायचे आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. हवेच्या गनने कडकड आवळलेल्या नटांमुळे अलॉयची बैठक आणि ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासून घ्या.

नवे टायर बसवल्यावर पहिला दिवस जोराचा ब्रेक आणि जोराचा पिकअप टाळा. कडेला लावलेली पेस्ट ओली असते आणि ताकदवान गाडीत टायर रिमवर घसरून फिरू शकतो. मग केलेले बॅलन्सिंग वाया. साच्यातून निघताना टायरच्या पृष्ठभागावर राहिलेला गुळगुळीत थर जायलाही काही अंतर लागते. पहिले दोनतीनशे किलोमीटर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, सबुरीने घ्या.

शेवटी निवडीबद्दल माझे मत. रोजची वापरातली, वेगवान पण कुटुंबाचीही असलेली गाडी असेल, म्हणजे व्हर्टस जीटी किंवा ऑक्टेव्हियाच्या जातीची, तर असममित टायर घ्या. तो पाणीही चांगले काढतो, घाटातल्या वळणावर गाडीही धरतो, तिरपे रोटेशन करता येते, स्टेपनी कुठेही लागते आणि चूक झालीच तर ‘इनसाइड’ हा एक शब्द ती उघडी पाडतो. दिशादर्शक टायर दिसायला देखणा आणि भर पावसात उत्तम, पण ज्याच्या गाडीची चाके दर महिन्याला वेगवेगळ्या हातांतून जातात त्याच्यासाठी तो नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी आपल्या टायरचे उत्पादकाचे पत्रक वाचल्याशिवाय झीज सारखी करण्यासाठी टायर रिमवर फिरवू नये.

टायरची दुकाने चालवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. मशीनशेजारच्या भिंतीवर दोन चाकांचे चित्र लावा, उजव्यावर काट्यांच्या दिशेचा बाण आणि डाव्यावर उलटा. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला तेच शिकवा. आणि वाचकहो, पावसाळी प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारा. ‘इनसाइड’ वाचता आले, किंवा माथ्यावरचा बाण डिकीकडे वळलेला दिसला, तर बॅगा भरण्याआधी टायरवाल्याकडे जाऊन या.